एकसष्ट तोंडं आणि एक मिनिटाचा थांबा

४ जानेवारी, शनिवार. कोइमतूर
ही डायरी शेठनी दिली. इथल्या सराफानं आमच्या दुकानाला पाच वाटल्या. चार शेठच्या घरात गेल्या आणि हिच्यावर छापलेल्या लक्ष्मीवर चहा सांडला होता म्हणून ही माझी. प्रत्येक पानावर तमिळमध्ये कायतरी छापलंय, मला आकडे तेवढे कळतात. वॉचमन म्हणतो तो राहूकाळ, त्या वेळात शुभ काम करायचं नसतं. सातवीनंतर मी पेन धरलं ते पार्सलवर नाव घालायलाच, तवा अक्षराला कुणी हसू नये. हसणार तरी कोण म्हणा, मीच वाचणार.

बसून लिहितोय कारण चालता येत नाही. मंगळवारी डाव्या पायावर तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड सांडलं. आमचं गलाईचं दुकान. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि टंच काढायचा, म्हणजे शंभरात खरं किती ते बघायचं. सगळ्यांना सांगितलं की बादलीचा कान तुटला. इथं खरं लिहितो. कान धड होता. माझं ध्यान मोबाईलवरच्या बैलगाडी शर्यतीत होतं. मोबाईल पण बादलीत गेला. शर्यत कोण जिंकलं ते अजून कळलं नाही.

शेठ आमच्याच भागातले, विट्याकडचे. म्हणले महिनाभर गावाला जा, पाय बरा कर, जागा तुझीच. आणि जाताना एक काम सांगितलं. त्यांचा पुतण्या ऋषिराज लग्नाचा आहे, माझी बहीण क्रांती वीस वर्षांची आहे. जमवलं तर तिरुपूरला निघणारं नवं दुकान माझ्या हाताखाली देणार. ऋषिराज स्वभावानं गरीब, वय एकतीस, अंगानं भक्कम. सकाळी गादीवर बसला की संध्याकाळीच उठतो, मधे मोबाईलवर रमी. एवढा वेळ एका जागी बसायचं म्हणजे चिकाटी लागते. पोरगी सुखात राहील.

९ जानेवारी, गुरुवार. दुधारेवाडी
बेंगळूरला गाडी बदलली. सांगली गेली आणि मी खिडकीला तोंड लावून बसलो. एक्स्प्रेस आमच्या गावावरनं जाते, थांबत नाही. लॉकडाऊनच्या आधी सकाळची पॅसेंजर दुधारेवाडी हॉल्टला एक मिनिट थांबायची, ते बंद झालं ते बंदच. खिडकीतनं आमचं घर पाच सेकंद दिसलं. आई परड्यात धुणं वाळत घालत होती. म्हैस होती. हॉल्टवर वडील, आमचे आबा, एकटेच उभे होते. मी ओरडलो, पण म्हशीनं तेवढं वर बघितलं.

मग कऱ्हाडला उतरलो. तिथनं दोन एसट्या आणि एक वडापची जीप करून, जे घर पाच सेकंदात दिसलं तिथं साडेतीन तासांनी पोचलो. आई म्हणली, येतोस म्हणून आधी सांगायचं न्हाईस? मी म्हणलं, तुझ्या डोक्यावरनंच गेलो की.

१० जानेवारी, शुक्रवार
घरात वेगळंच रामायण चाललंय. क्रांती सांगलीला लॅबचा डिप्लोमा करते, रक्त-लघवी तपासायचा. म्हणजे मी सोन्याचा टंच काढतो, ती माणसांचा काढणार. मागच्या वर्षी आत्याकडं राहिली. आत्या दिवाळीत पोराकडं पुण्याला गेली. आता एसटीनं जायचं तर दोन ठिकाणी बदलून बारा वाजतात आणि तास दहाला सुरू. हजेरी पाऊणपट भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मैत्रिणीच्या स्कूटीवर जाते म्हणली तर आबा नको म्हणतात. कारखाना चालू, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन. आबांनी बावीस वर्षं मिलिट्रीत लडाखला ट्रक चालवला आणि हितल्या रस्त्याला भितात. मला तर हसू आलं.

तर क्रांतीनं पॅसेंजर परत थांबावी म्हणून रेल्वेला अकरा अर्ज केले, एकटीनं. बाराव्याला उत्तर आलं. पंधरा जानेवारी ते चौदा फेब्रुवारी, एकतीस दिवस, गाडी थांबवून बघू. रोज सरासरी वीस माणसं चढली पाहिजेत, म्हणजे एकूण सहाशे वीस. नाहीतर हॉल्ट कायमचा बंद. नुसती तिकिटं फाडून चालणार नाही, गार्ड डोकी मोजणार.

आबांचा शब्द असा आहे, "गाडी थांबली तर शिकू दे. न्हाई थांबली तर मार्चात स्थळ बघायचं."

ऋषिराजचं सांगायला ह्याहून चांगली वेळ नव्हती. पण क्रांतीनं माझ्या पायाचं ड्रेसिंग केलं, चांगलं केलं, मग म्हणलं आज राहू दे.

१२ जानेवारी, रविवार
देवळात मीटिंग झाली. विषय गाडी कशी भरायची असा होता. सरपंच धनाजी तात्यांनी आधी स्वागताचा विषय घेतला आणि तोच तीन तास चालला. गार्डाला शाल, ड्रायव्हरला फेटा, इंजनाला नारळ आणि हार, हलगी, पेढे. मग फ्लेक्स. दहा बाय वीसचा. वर इंजनाचा फोटो, खाली गावातली एकसष्ट माणसं. वरली आळी वर का खालली आळी वर, ह्यावर दोन चुलतभावांचं बोलणं बंद झालं. शेवटी सगळी तोंडं एकाच मापाची करायचं ठरलं. माझं पण तोंड घेतलं, गॉगलवालं. आबांनी स्वतःचं नको म्हणून सांगितलं.

क्रांतीनं उठून विचारलं की पहिल्या दिवशी गाडीत कोण कोण बसणार. तात्या म्हणले, आगं, आधी स्वागत तर हू दे.

१५ जानेवारी, बुधवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आठलाच चारशे माणूस हॉल्टवर. फ्लेक्स झकास झालाय. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'आपलेच स्नेहांकित, समस्त रेल्वे प्रवासी, दुधारेवाडी'. क्रांती पांढरा अ‍ॅप्रन घडी करून हातात घेऊन तिकिटाच्या खिडकीपाशी उभी होती. तिकीट विकायचं काम जिनपाल अण्णांकडं आहे. त्यांचं किराणा दुकान आहे, गावात सगळ्यात सचोटीचा माणूस. वजनात एक दाणा कमी पडला तर घरी आणून देतील. पण गार्डाला शाल घालायचा मान त्यांना दिलेला, म्हणून ते खिडकीला कुलूप घालून फेटा बांधून घेत होते.

गाडी आठ पन्नासला आली. हलगी सुटली. तात्या इंजनाकडं पळाले, अण्णा शेवटच्या डब्याकडं. गार्डसाहेब दारात उभे, दार उंच, अण्णांचा हात पुरेना. म्हणून अण्णा वर चढले. एक मिनिट म्हणजे किती लहान असतं ते आज कळलं. तात्यांचं "रेल्वे प्रशासनाचे" एवढंच म्हणून झालं आणि शिट्टी वाजली. गाडी हलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं की गाडीत कुणीच बसलं नाही आणि अण्णा शालीसकट सांगलीला गेले.

क्रांती अजून खिडकीपुढंच. म्हणलं, तू का चढली न्हाईस? म्हणली, "तिकीट कुणाकडं काढू?"

गार्डाच्या वहीत दुधारेवाडीपुढं भोपळा. अण्णा दुपारी एसटीनं आले. शाल त्यांच्याच खांद्यावर. सांगितलं की सांगलीला साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, मानानं पाठवलं. सगळ्यांना बरं वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार
तीन. क्रांती, एक पावणा आणि दातदुखीवाली एक बाई.

१८ जानेवारी, शनिवार
काल चार, आज तीन. मी हिशेबानं सांगतो, ही गाडी चालायची नाही. गावातनं रोज खरे जाणारे चाळीस जण, सगळे कुपवाडच्या कारखान्यात. त्यांची पाळी आठची आणि गाडी नवाला येते. ते मोटारसायकलवर जातात आणि जाणार. बाकीच्यांचं सांगलीत काम नाही. खरं बोलायचं तर अख्ख्या गावात ह्या गाडीची गरज एकाच माणसाला, ती माझी बहीण. एका पोरीसाठी एवढी थोरली गाडी थांबवायची का, हा प्रश्न मी रेल्वेत साहेब असतो तर मलाही पडला असता.

क्रांतीच्या फोनवरनं शेठना फोन लावला. म्हणलं, गाडी पडणार, मार्चात जमतंय. शेठ खूश.

आबा रोज साडेआठला फिरायला हॉल्टकडं जातात. गुडघ्याला चांगलं म्हणे. एवढं लांब जायची गरज नाही, देवळाला पाच फेऱ्या मारल्या तरी तेवढंच होतं. पण त्यांना सांगायचं कुणी.

१९ जानेवारी, रविवार
सकाळी गावात बोंब. बघायला मी पण लंगडत गेलो. फ्लेक्सवरच्या एकसष्टच्या एकसष्ट तोंडांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले. खळ लावून, नीट चौकोनी कापून. इंजन तेवढं उघडं. क्रांती खाली बादली घेऊन उभी.

धनाजी तात्या आले. त्यांच्या तोंडावर बाजारभावाचं पान होतं.

"क्रांते, माझ्या थोबाडावर हळदीचा दर कुणी चिकटवला?"

"मी."

"आन ते का?"

"तात्या, खाली वाचा. समस्त रेल्वे प्रवासी. तुमी कवा गेलासा रेल्वेनं?"

तात्या म्हणले, त्यांच्याकडं चारचाकी हाय.

"मग चारचाकीचा फ्लेक्स लावा की."

माणसं हसली. पण ज्यांचे फोटो होते ती हसली नाहीत. क्रांतीनं नियम सांगितला. पाच दिवस गाडीनं जायचं, पाच तिकिटं आणून दाखवायची, मग ज्याचं त्याचं तोंड उघडणार. अण्णा पुढं झाले, म्हणले, मी पहिल्या दिवशी गेलोय, माझं एक धर. ती म्हणली, तिकीट दावा. अण्णा मागं फिरले आणि खिडकीत जाऊन बसले. मला वाटलं त्यांना राग आला.

माझ्या तोंडावर छोट्या जाहिराती आल्यात. 'पाहिजेत, अनुभवी, स्थानिकास प्राधान्य' एवढंच दिसतंय. मी म्हणलं, आगं मी तुझा भाऊ. ती म्हणली, भाऊ हायस, प्रवासी हायस का? वर आणि मलाच कामाला लावलं. फ्लेक्सखाली स्टूल टाकून बसायचं, तिकिटं तपासायची, तारेत ओवायची आणि ओल्या स्पंजनं तोंडं उघडायची. बसून करायचं काम, पायाला त्रास नाही. ऋषिराजला चांगलं जमलं असतं.

२१ जानेवारी, मंगळवार
एकोणीस! फोटोवाले भराभर निघालेत. एकाला बघून दुसरा. वरल्या आळीचे सात गेले कळल्यावर खालल्या आळीनं नऊ पाठवले. तात्या पांढरी टोपी घालून गेले. सांगलीत काय काम म्हणून विचारलं, तर म्हणले दाढी. दोघं म्हातारे सांगली स्टेशनात उतरले, चहा प्याले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. चहा लय भारी म्हणे, उद्या पण जाणार आहेत.

मी टंच काढला. एकोणिसांत खरं काम असलेले पाच. म्हणजे शंभरात सव्वीस. असलं सोनं आमच्याकडं आणलं तर आम्ही गिऱ्हाइकाला हाकलून देतो.

२५ जानेवारी, शनिवार
पहिलं तोंड उघडलं, धनाजी तात्यांचं. कागद मऊ केला, खरवडला, मिशी आधी निघाली. माणसं जमली होती. एका मिशीला मी टाळ्या पडलेल्या पहिल्यांदाच बघितल्या. तात्यांच्या डोळ्यात पाणी आलं. ते म्हणाले धूळ गेली.

आणि आजच भांडण. अण्णांची बायको गुणमाला काकू कमरेवर हात ठेवून फ्लेक्सपुढं उभ्या. म्हणल्या, "बुधवारपासनं रोज जाणाऱ्या सात आमी बायका. भाजी इकतोय, डोळं दावतोय, लेकीकडं जातोय. आन तोंडं कुणाची, तर दाढीला जाणाऱ्यांची." क्रांतीनं माफी मागितली. आता इंजनाभोवती बायकांचे पासपोर्ट फोटो रोज एक-एक लागणार.

३० जानेवारी, गुरुवार
आज अठ्ठावीस.

वरल्या आळीच्या ज्ञानू आज्ज्याला दोन वर्षं डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. मोटारसायकलवर बसवत नाही, गाडी करून कोण नेणार, म्हणून राहिलेलं. आज दाढीवाल्यांबरोबर गेला आणि डोळ्याची तारीख घेऊन आला. दोन पोरांनी बंद केलेली शाळा परत धरली. चहावाल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला स्टेशनात त्याचा चौथीतला दोस्त भेटला, तो नांद्र्याहून चढतो. आता तिघं झाले.

टंच काढायला बसलो तर जमेना. तात्या दाढीला म्हणून जातात पण येताना तिघांची औषधं आणतात. त्यांना खऱ्यात धरायचं का खोट्यात? सोन्यात तांबं एकदा मिसळलं की नुसतं बघून सांगता येत नाही. सोडून दिलं.

गावातली लोकं मला विचारतात, तू का जात न्हाईस. मी पाय दाखवतो. पाय तसा बराच बरा आहे. सोमवारी पानपट्टीपर्यंत दोनदा जाऊन आलो.

२ फेब्रुवारी, रविवार
क्रांतीच्या मोबाईलवर शेठचा फोन. गाडी भरायला लागली हे त्यांना कुणीतरी सांगितलं. म्हणले, आठ तारखेला घरची माणसं घेऊन पोरगी बघायला येतोय, तू आबांशी बोल. मग बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. तुला दुकान मिळणार का, एवढंच विचारलं. मी व्हय म्हणलं. मग बराच वेळ विड्यांचं बंडल शोधत बसले. ते खिशातच होतं.

क्रांतीला सांगितलं तर ओरडली नाही, ह्याचीच मला भीती वाटली. म्हणली, "येऊ दे की. पण शनवारी माझं प्रॅक्टिकल हाय. बघायचं आसंल त्यांनी गाडीत यावं. किती माणसं येणारैत?"

मी म्हणलं सात.

"सात तिकिटं," म्हणली आणि वहीत लिहिली.

८ फेब्रुवारी, शनिवार
पानावर राहूकाळ नऊ ते साडेदहा. गाडी आठ पन्नासची. मी कुणाला बोललो नाही.

बघायचा कार्यक्रम रेल्वेत झाला. मी तिकिटं तपासायला मागं राहिलो, आई आणि आबा गेले. आबा रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच रेल्वेत बसले. पुढचं आईच्या तोंडून.

सगळ्यांना बसायला जागा होती. पोहे डब्यातनं नेलेले, तात्यांनी स्वतः प्लेटा फिरवल्या. पाहुण्यांच्या बाजूनं प्रश्न विचारायचे असतात, पण अख्ख्या डब्यानं ऋषिराजलाच विचारले. शिकला किती, उठतो कवा, रमीत किती घालवतो. गुणमाला काकूंनी तर चालून दाखव म्हणून सांगितलं, आणि गाडी हलत होती तरी त्यानं चालून दाखवलं. मला त्याचं कौतुक वाटलं.

सांगली आली. क्रांती म्हणली, माझं काम बघायचं आसंल तर कॉलेजला चला. सगळी वरात लॅबमध्ये. तिथं पोरी एकमेकींचं रक्त काढून शिकतात. मॅडमनी विचारलं, कुणी तयार आहे का. शेठनी पुतण्याला पुढं ढकललं. क्रांतीनं अंगठ्याशेजारच्या बोटाला स्पिरिट लावलं आणि त्या वासानंच ऋषिराज आडवा झाला. सुई अजून पिशवीतच होती. त्याला शुद्धीवर आणून तिनं साखर तपासली. दोनशे ऐंशी. नुसत्या पोह्यांवर.

आई म्हणली, क्रांतीनं त्याला पाणी पाजलं, समोर बसवून काय खायचं, काय न्हाई ते कागदावर लिहून दिलं. तो 'ताई' म्हणला.

आबा परतल्यावर त्यांच्या मोबाईलवर शेठचा फोन आला, दुपारी. जमत नाही म्हणले, पोरगी लय तिखट आहे. तिरुपूरचं विचारलं तर म्हणले ते दुकान असंही ह्या वर्षी निघणार नव्हतं. मला कळेना, मग इतके दिवस ते कशाबद्दल बोलत होते.

राग राग करत होतो. संध्याकाळी आबा ओसरीवर बसून एकटेच हसत होते. विचारलं काय झालं. म्हणले, "स्पिरिटच्या वासानं पडला गड्या." मग मला पण हसू आवरेना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
शेवटचा दिवस. सकाळी चाळीस माणसं चढली. कुपवाडचे सहा जण एका पाळीची रजा टाकून आले. काल रात्री झोप नाही, एवढं मी परीक्षेलाही जागलो नव्हतो. दिलीच नाही म्हणा.

दुपारी सगळे हॉल्टवर. क्रांती आणि अण्णा बेरीज करायला बसले. एकदा केली, दोनदा केली. तिसऱ्यांदा तात्यांनी मोबाईलवर केली.

सहाशे एकोणीस.

एक. पहिल्या दिवशीचा भोपळा नडला. हार, हलगी, पेढे सगळं होतं, एक माणूस नव्हता. क्रांती वही मिटून बसली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. पायात नवी चप्पल होती. मी बुधवारी विकत घेतलेली, आष्ट्याला जाऊन. वडापनं.

तवा मला कळलं. जवळजवळ महिनाभर मी स्टुलावर बसून दुसऱ्यांची तिकिटं ओवली. एकदा, नुसतं एकदा बसलो असतो. आधी पाय म्हणून नाही, आणि पाय बरा झाल्यावर का नाही, ते मी इथं चार ठिकाणी लिहून ठेवलंय. मागची पानं वाचायचं धाडस झालं नाही.

आबा कठड्याला टेकून उभे होते. म्हणले, "चला. झालं ते झालं." आवाज मिलिट्रीतला, पण टोपी उगंच काढून परत घातली.

तेवढ्यात जिनपाल अण्णा उठले. त्यांनीही टोपी काढली, पण घडी उलगडली आणि आतनं एक कागद काढला. घामानं पिवळा पडलेला, चार घड्यांचा. क्रांतीच्या हातात दिला. तिनं वाचला, मग मोठ्यानं वाचला. पंधरा जानेवारी. दुधारेवाडी ते सांगली. विनातिकीट प्रवास. दंडाची पावती. नाव, जिनपाल.

अण्णा खाली बघून बोलले. "चहा दिला न्हाई मला कुणी. खुर्ची पण न्हाई. तिकीट इकणारा आन बिनतिकिटाचा घावला. महिनाभर डोक्यावर घेऊन हिंडतोय हे. गुणमालाला बी सांगितलं न्हाई."

गुणमाला काकू म्हणल्या, "मला ठावं हाय. टोपी धुवाय का देईनासा म्हणून मी बघितलंय कवाच."

क्रांती पावतीवर बोट ठेवून सावकाश म्हणली, "गार्डाच्या वहीत भोपळा आसंल. पण हितं रेल्वेनंच लिवलंय, दुधारेवाडीत एक माणूस चढला. सहाशे वीस."

तात्यांना भरून आलं. म्हणले, अण्णांचा सत्कार करू, शाल आणा. चारशे माणूस एका सुरात म्हणलं, नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कागद आला. पावती धरली. हॉल्ट सहा महिने चालू, मग परत मोजणार. क्रांतीची हजेरी भरतीय, कॉलेजवाल्यांनी मागचं थोडं सांभाळून घेतलं. आबांनी मार्चाचं नाव काढलं नाही.

कुपवाडवाल्यांनी गाडी दीड तास आधी यावी म्हणून अर्ज लिहायला क्रांतीला धरलंय. ती म्हणली, बारा लिहावे लागतील, बसा.

फ्लेक्सवर आता एकच कागद उरलाय. बाकीचे साठ जण येता-जाता स्वतःच्या तोंडाकडं बघतात आणि शेजारचा तो चौकोन बघून माझ्याकडं बघतात. मी स्पंज घेऊन तिथंच असायचो, कुणाला न दिसता पुसून टाकलं असतं तर कोण विचारणार होतं. पण नाही पुसलं. का ते माहीत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. गाडीत
परत कोइमतूर. जागा जुनीच, बादली जुनीच. शेठनी ये म्हणलंय, फोनवर जरा कोरडे होते.

सकाळी अण्णांच्या खिडकीत पहिलं तिकीट काढलं, मिरजेपर्यंत. अण्णांनी दोन्ही हातांनी दिलं. क्रांती अ‍ॅप्रन घेऊन बरोबर. ज्ञानू आज्ज्या डोळ्याला हिरवी पट्टी लावून आलेला, मला ओळखून म्हणला, जोतीराम न्हवं? गॉगल कुठाय रं? आईनं चटणीचं पुडकं दिलं. आबाही होते. त्यांना गुडघ्यासाठी हॉल्टपर्यंत यायचंच होतं.

गाडी आली. चढलो, खिडकी धरली. हलायच्या आधी क्रांती म्हणली, दादा, तकडं बघ.

आबा फ्लेक्सपाशी गेले होते. स्टुलावर चढले, त्या गुडघ्यानं. खिशातला रुमाल काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि माझ्या तोंडावरचा कागद पुसायला लागले. नियम पाच तिकिटांचा आहे, माझं एकच. शाळेत जाताना धरून तोंड धुवायचे तसं, खसाखसा, कानामागं पण. आधी हनुवटी निघाली, मग गॉगल. मी खिडकीतनं ओरडलो, आबा, फाटंल.

त्यांनी वळून बघितलं. हात केला नाही, हातात रुमाल होता. गाडी सुटली तरी पुसतच होते.

एक मिनिट पुरतं म्हणा, माणूस तयार असला की.